शिसं घरीच राहील

मोप्याहून विमानात पंधरा किलो चालतं.
मासळीच्या काट्याला बॅग अडकवली:
सतरा, आणि काटा अजून हलतोय.

रेग्युलेटर राहू दे.
माउथपीसवर उजवीकडे माझ्या दातांची खूण आहे,
निवतीच्या खडकापाशी एकदा
स्वतःचा हातही दिसेनासा झाला, तेव्हाची.
मास्कही राहू दे. दुसऱ्याचा माझ्या नाकाशी गळतो.
फिन्स देवबागच्या ओढीसाठी घेतलेले, लांब, हट्टी.
काढले. पंधरा सातशे.
जाड सूट काढला. अगत्तीचं पाणी म्हणे कोमट.
चौदा आठशे.

शिशाचा प्रश्नच नव्हता,
तरी हात तिकडे गेला.

सहा किलो. दुकानातलं नाही.
फटूदादाने फाटक्या रापणीच्या गुळ्या वितळवून
कोरड्या रेतीत ओतलेल्या वड्या.
एक करवंटीत ओतली, ती पोटापाशी नीट बसते.
आणखी पाच, कुठलीच दुसरीसारखी नाही.

बाबा दगड घेऊन उतरायचे.
नांगर अडकला की होडीतला एक काळा दगड
पोटाशी धरायचे
आणि पायरी उतरावी तसे खाली जायचे.
वर येताना हात मोकळे.
"तो वर कित्याक आणूचो? थंयच ऱ्हवांदे."
तळाशी अजून असतील ते. कालवं धरलेली.
मी पर्यटकांना बोटाने दाखवते,
ते मागचा मासा शोधतात.

घाबरलेला माणूस नेहमी दोन किलो जास्त मागतो.
बुडायचीच भीती,
आणि मागतो वजन.
मीही मागितलं होतं. आठ बांधले,
आणि तळावर पालथी पडून गाळ उपसत राहिले.
श्रीरंग तांडेलांनी वर आणलं.
श्वास भर, म्हणाले, हलू नकोस.
पाणी डोळ्यांशी थांबायला हवं.
आता सोड.
टोपात तांदूळ बसतो तशी मी बसत गेले.

तेव्हाच सांगितलं त्यांनी,
सिलिंडर रिकामा होतो तसा हलका होतो,
आणि माणूस वर पळू पाहतो.
शिसं उतरण्यासाठी नसतं, बाय.
वरच्या पाच मीटरांत थांबता यावं म्हणून असतं.

बाबांना हे कधी सांगितलं नाही.
त्यांना थांबायचं नसायचंच,
श्वास तेवढा नव्हता.

पट्टा घेतला, रिकामा.
तिकडे त्यांचं शिसं ओवीन,
चार मागेन, मग डोळ्यांशी पाणी बघेन,
मग साडेचार.
वड्या पडवीत. करवंटीची आईने उचलून
दाराला लावलीसुद्धा. वाऱ्याने आपटतं म्हणे.

काटा पंधराच्या आत थांबला.
आई सोलांची पुडी घेऊन उभी आहे,
अर्धा किलो तरी असेल,
आणि काट्याकडे मुळीच बघत नाही.