पावशेर

पहिल्यांदा तोललं तेव्हा दोनशे चाळीस ग्रॅम.
मोहाडीच्या पॅकहाऊसमधला माझा काटा,
सव्वीस हंगाम ज्यावर मी फक्त द्राक्षं ठेवली,
त्यावर डोळे मिटलेलं, गरम, ओलसर काहीतरी.
रुक्साना वाकून बघत म्हणाली,
"पावशेर आहे गं, पुरतं पावशेर."
नाव तिथेच पडलं.
सुपरवायझर आला तेव्हा मी काटा पुसत होते.

पाच आठवडे क्रेटच्या थप्पीमागे, आईच्या पोटाशी.
मग हंगाम आवरला, आणि मी त्याला पदराखाली घेऊन
दिंडोरी रोडच्या बसमध्ये बसले.
कंडक्टर म्हणाला, "ह्याचं हाफ काढू का?"
म्हसरूळ येईपर्यंत माझी मांडी ओली.

आणि मग सुरू झालं ते खाणं.
पहाटे दूधभाकरी कुस्करून, दुपारी भात,
दिवेलागणीला अंडं, रात्री अकराला पुन्हा काहीतरी.
बुधवारच्या बाजारातून कोंबडीचे पाय,
ते शिजताना घरभर जो वास सुटे
त्यावर नणंद कावेरी एकच वाक्य बोलली:
"माणसांच्या चपात्या मोजून होतात इथे."
खरं होतं. मी ऐकलं नाही.
तो पातेलं नाकाने ढकलत ढकलत न्यायचा,
ओट्यापासून थेट भिंतीपर्यंत,
आणि पातेलं भिंतीला टेकून ठण् वाजलं
की समजायचं, संपलं.

बोरस्त्यांच्या दुकानात मोठा काटा आहे, पोत्यांचा.
त्यावर तो एकटा उभा राहीना.
म्हणून आधी मी, मग मी त्याला घेऊन.
वजाबाकी म्हणजे तो.
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, पेन्सिलीने:
तीन किलो. साडेपाच. आठ.
दर पंधरा दिवसांनी पट्टा एक भोक पुढे.
कान आधी वाढले, मग पाय,
मधलं शरीर मागून धावत येतंय असं वाटायचं.

आषाढात एका सकाळी
पातेलं भिंतीपर्यंत गेलंच नाही.
अर्ध्यात थांबलं, फरशीच्या मधोमध, भातासकट.
दुसऱ्या दिवशीही तसंच.
मी हाताने भरवलं. तूप घातलं. रागावले.
भातात पांढरं काही चमकलं, खडा म्हणून उचललं,
तर दात. तांदळाएवढा, टोकदार, दुधाचा.

डॉक्टर निरगुडे हसले. जबडा उघडून दाखवला,
नवे सुळे वर येत होते.
"वाढ धावत होती, आता चालायला लागली.
भूक तिच्याच पायांनी चालते, बाई.
चार वेळचं तीन करा, पुढे दोन.
आणि द्राक्ष, एकसुद्धा नाही. मूत्रपिंडं जातात."
मी म्हटलं, द्राक्षांतच जन्मलाय तो.
तरी नाही, म्हणाले.

परतताना रिक्षात वाटलं, हे मला कोणी सांगायला हवं होतं?
मण्यात पाणी उतरलं की फुगवण थांबते,
मग आत वेगळं काम सुरू होतं,
हे मी वेलीखाली उभी राहून किती वेळा पाहिलंय.
पण डोक्याला कळलं, पळीला कळेना.
ती जुनंच माप वाढत राहिली महिनाभर.
उरलेल्यावर परसातली साळुंकी गुबगुबीत झाली,
कावेरीने तेही बोलून दाखवलं.

आता तो सोळा किलो. दोन वेळ जेवतो,
वास घेऊन, सावकाश, कधी पाठ फिरवतो.
गल्लीतली पोरं "पावशेर" अशी हाक मारतात
आणि येणारं धूड बघून पाहुणे मागे सरतात.

पुन्हा हंगाम. काट्यावर पेट्या.
साडेचार किलोची पेटी उचलली
की हात आपसूक म्हणतो: अकरा आठवडे.
खाली ठेवते. पुढची. अकरा आठवडे.
रुक्साना विचारते, काय पुटपुटतेस?
काही नाही गं, पेट्या मोजतेय.