दोन चोचींचं पाखरू

केशोरीच्या बाजारात गाडी चाळीस मिनिटं थांबते.
ड्रायव्हर चहाला जातो, मी तेजलालच्या छत्रीखाली.
मशीन त्याचं बॅटरीवर चालतं,
बॅटरी मोटारसायकलची, मोटारसायकल मेव्हण्याची,
म्हणून तो फक्त मंगळवारी कलावंत असतो.

"काय काढू, मेश्राम मॅडम?"
पाखरू.
"मोर?"
नाही. जे नसतं, ते.

त्यानं मोबाईल पुढे केला. काचेला तडा.
तड्याच्या अल्याड जळणारं पाखरू,
शेपटीत ज्वाळा, राखेतून मान वर.
परसोडीच्या एका पोरानं छातीवर घेतलंय म्हणे,
बारावीला तिसऱ्यांदा बसण्याआधी.
पल्याड गरुड, माणसाच्या हातांचा, हात जोडलेला.
मी दिवसभर सुट्टे मोजते,
हात जोडायला मला सवड नाही.
मग जटायू. पिसान् पीस छायेत उतरलेलं,
एक पंख तुटलेला आणि रक्त इतकं खरं
की मी नजर काढून घेतली.
हा हात रोज दीडशे लोकांपुढे जाणार.
तिकिटाआधी त्यांना जखम का दाखवू?

"मग हे घ्या. ट्रायबल. आजकाल हेच चालते."
काळे जाड फराटे, विळ्यासारखे वळलेले,
चोच कुठे संपते, पाय कुठे लागतात, काही कळेना.

शेजारी इमलाबाई कुमरे टेंभरं घेऊन बसलेली.
"का म्हन्ते थो?"
ट्रायबल म्हणजे आदिवासी, मी सांगितलं.
तिनं मोबाईल हातात घेतला,
उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला,
मग लुगड्याचा काठ वीतभर वर घेतला.
पोटरीवर ठिपके. हिरवट निळे. ओळीमागे ओळ,
रोवणं झालेली बांदी धुऱ्यावरून दिसावी तसे.
"मंग मी कोन होय?"
तेजलाल खाली मान घालून मशीन पुसत राहिला.

आमच्या गावच्या देवळाच्या चौकटीवर
एक दगडी पाखरू आहे. धड एक, माना दोन.
आम्ही पोरं त्याला भांडखोर म्हणायचो.
गुरुजी म्हणाले, गंडभेरुंड, पंजात हत्ती धरतो.
हत्ती कधीच झिजले. आता त्याच्याकडे दोन गोटे आहेत.
डावी चोच कुणी फोडली, की आपोआप गळली,
त्याची नोंद नाही.
मला तो कळला नोकरी लागल्यावर:
एक नजर दाराशी, एक मागच्या सीटवर,
"पुढे सरका" आणि "कोण उतरतंय"
एकाच गळ्याला दोन्हीकडे फेकायचं,
आणि पोट मात्र एकच.

तो काढ, मी म्हटलं.
तेजलाल खुलला. "डावी चोच मी पुरी करून देतो."
नको.
"लोक म्हणतील, कारागीर चुकला."
म्हणू देत.
"पिसं? शेड? जरासा लाल?"
नको. ठिपके. बाईच्या पोटरीसारखे.

मग मला आठवलं, तिला विचारलं नाही.
चालेल का हो, इमलाबाई?
ती टेंभरं पाच-पाचनं रचत होती.
"मले का पुसतेस? माह्यं का सरते का त्यानं?
पन त्याले सांग, घाई नोको करू.
ठिपका बसला पायजे. कोंबडीवानी टोचू नोको."

मशीनला ठिपका जमेना. त्याला रेघेची सवय.
तेजलालनं बटण बंद केलं,
माझ्यासमोर नव्या सुईचं पाकीट फाडलं,
ती बोटांत धरली,
आणि माझ्याआधी त्यालाच घाम फुटला.
एक. दोन. तिसरा डोळ्याचा.
इमलाबाई गिऱ्हाईक सोडून वाकली होती.
मान अर्धी उतरली असेल नसेल,
तोच हॉर्न.

आता गाडीत लोक हात पाहतात.
"गोवर निंगाला का, बाई?"
पाखरू आहे, मी सांगते. एक मान झाली,
बाकीचं पुढच्या मंगळवारी.
गोठणगावच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं,
कोणती मान?
फुटकी, मी म्हटलं,
आणि त्याचे दोन रुपये परत केले.