वेणीला खो

सोळा फ्रेममध्ये धावते बिट्टी.
सतरावी म्हणजे पुन्हा पहिलीच,
म्हणून ती कुठे पोचत नाही.
साकीनाक्याला, पत्रे कापणाऱ्या कारखान्याच्या वर
तिसऱ्या मजल्यावर, माझ्या पडद्याच्या मधोमध
आठवडाभर जागच्या जागी धावते आहे.

पाय झाले सोमवारी.
टेकणं, खचणं, ओलांडणं, उसळणं,
आधी डावा, मग उजवा.
हात मंगळवारी. फ्रॉकची झालर बुधवारी,
दुपारचा चहा यायच्या आत.
राहिली वेणी.
सात हाडांची, खाली लाल गोंडा.

लोबो सर मागे येऊन उभे राहिले.
पंचवीस वर्षं त्यांनी कागद बोटांत धरून फडफडवलेत,
अजून रिकामी बोटं तशीच हलतात.
काल म्हणाले होते, "वेणी की सळई?"
आज म्हणाले, "मुलगी धावते, वेणी पोहते."
मग वांद्र्याच्या मराठीत, हळूच:
"वेणी म्हणजे काय सांगू? वरातीच्या मागून घोडा."

संगणकावर सोपवून पाहिलं.
वजन, ताठपणा, वारा, सगळे आकडे भरले.
अकराव्या फ्रेमला वेणी
मानेतून आरपार गेली.
केसानं गळा कापणं
मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं.

निर्मात्यांचा फोन: बॉबकट करा ना,
तीन दिवस वाचतील.
पोरांना काय कळतंय.

शनिवारी नायगावला गेले, आत्याचा डबा परत करायला.
गल्लीच्या टोकाला मैदान, लाल माती, दोन खांब,
ओळीत उकिडव्या बसलेल्या मुली,
एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे.
वेण्या टिपायला फोन काढला
तर सगळ्यांच्या वेण्या वर दुमडलेल्या,
काळ्या रिबिनीनं करकचून बांधलेल्या.
"मोकळ्या सोडून कोण धावतं?"
शिट्टी तोंडातून न काढता भाबलबाई म्हणाल्या,
"तुम्ही कोण? पालक?"
मी म्हटलं, हो.

कट्ट्यावर बसून राहिले.
एक काटकुळी मुलगी दोनदा घाईनं उठली,
दोनदा शिट्टी वाजली.
"संघमित्रा! खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही.
पाठीवर हात पडू दे. शब्द कानावर येऊ दे.
मग ऊठ. आणि उठलीस की थांबू नकोस."

फोन पर्समध्ये टाकला.

मान खाली जाते
तेव्हा पहिलं हाड बसूनच असतं.
मान त्याच्या पाठीला हात लावते: खो.
ते उठतं, दुसऱ्याला खो.
दुसरं उठेस्तोवर मान वर निघालेली.
तिसरं, चौथं, प्रत्येकाला दोन फ्रेम उशीर,
प्रत्येकाला वाटतं, बातमी आत्ताच आली.
गोंड्यापर्यंत ती येते चौदा फ्रेम शिळी होऊन,
आणि तो बिचारा मनापासून उसळतो
जवळजवळ दोन पावलांपूर्वीच्या उसळीवर.

सोमवारी लोबो सर बराच वेळ उभे होते.
बोटं हलत होती.
"गोंडा अजून एक फ्रेम मागे," म्हणाले,
आणि चहाला गेले.
बॉबकटचा फोन पुन्हा आला नाही.

एक सांगायचं राहिलं.
त्या दिवशी शेवटच्या डावात
संघमित्रानं धावत येऊन खांब पकडला,
अंग गर्रकन फिरून थांबलं,
पण रिबीन सुटली होती. वेणी थांबली नाही,
पुढे येऊन तोंडावर सटकन बसली.
केस थुंकत ती हसत सुटली.

हे माझ्या सोळा फ्रेममध्ये बसत नाही.
माझी बिट्टी थांबतच नाही.
ती थांबते सातव्या भागात, शाळेच्या फाटकाशी,
आणि तो शॉट पलीकडच्या टेबलावरच्या इरफानकडे आहे.
त्याच्या पडद्याला चिठ्ठी चिकटवून आले:
मुलगी थांबली तरी
वेणीला लगेच सांगू नकोस.