दांड्याची तूट

सावद्याला पोचले तेव्हा पावणेबारा झालेले,
स्कूटीची सीट तापून तवा,
आणि बऱ्हाटेशेठ दारातच उभे, हातात कागद.
कागदावर स्पीड टेस्टचे आकडे, निळ्या पेनानं, तारखेसकट:
सोमवारी तीन पूर्णांक आठ. मंगळवारी चार. बुधवारी पुन्हा तीन.
"शंभराचे पैसे भरतो भो मी. शंभराचे."
भो मला म्हणाले.
इकडे सगळेच भो.

कागद उलटून पाहिला. मागे कांदेबागेच्या केळीचा भाव.

आधी वायर. वायर नेहमी आधी.
भिंतीतून आत येते तिथं पालीनं अंडी घातलेली,
पण जोड घट्ट, दिवा हिरवा.
मग माझा लॅपटॉप थेट जोडला, मधलं सगळं सोडून:
चौऱ्याण्णव.
शेठ माझ्याकडे बघतात, मी आकड्याकडे,
कोपऱ्यातल्या टेबलावरून कोकिळा वारके आम्हा दोघांकडे.
तिच्या पडद्यावरचं चाक अजून गोल गोल फिरतंय.
आखातात निघालेला कंटेनर, त्याचे कागद,
सकाळी नवापासून.

म्हणजे मधे कुणीतरी आहे.

जिन्याखाली, रिकाम्या क्रेटच्या मागे
एक काळा डबा, पंखा घरघरतोय,
वर दसऱ्याचं हळदकुंकू अजून तसंच.
प्रॉक्सी.
सगळ्यांची चिठ्ठी हा नेतो, सगळ्यांचा माल हा आणतो,
कुणी काय मागितलं ते लिहून ठेवतो,
आलेली प्रत्येक फाईल आधी स्वतः उघडतो, हुंगतो,
मगच देतो.
अख्खा घड तपासल्याशिवाय एक केळं सोडत नाही.

आणि अपलोड?
सहाशे बारा.
शंभराच्या वायरीतून सहाशे बारा!
शेठ खूश. मी नाही.
हा माल दारातच उतरवून घेतो,
लगेच म्हणतो, पोचला,
आणि माल अजून अंगणात.
असल्या एकाशी माझं लग्न ठरत आलं होतं.

"पुतण्या म्हणतो, त्या टेस्टच्या साईटीपुरतं
या डब्याला मधून काढून टाका. सरळ जाऊ द्या."
येईल करता. एका ओळीचं काम.
रोज चौऱ्याण्णव दिसेल.
वरणगावात मी केलंय ते एकदा.
पैसे मिळाले, चहा मिळाला, वर कौतुक,
आणि भुसावळ येईपर्यंत मी गाणं लावलं नाही.
कोकिळा मान न वळवता म्हणाली,
"ताई, आकडा नको मले. पान उघडू दे."

बसले मग जिन्याखाली, मांडी घालून.
डिस्क गळ्यापर्यंत भरलेली.
पाच वर्षांच्या नोंदी: कुणी किती वाजता क्रिकेट पाहिलं,
कुणी मुलीसाठी स्थळं, कुणी नोकरी दुसरीकडची,
आणि गेल्या महिन्यात सलग चार रात्री, नऊनंतर,
छातीत डावीकडे दुखणे.
नाव नाही. फक्त टेबलाचा नंबर.
एक.
एक नंबरचं टेबल शेठचं.

मी वाचलं नाही असं ठरवलं.
पुसलं.
मेमरीची नवी पट्टी बसवली,
बंदराच्या पानाला, बँकेच्या पानाला हुंगू नको म्हणून शिकवलं,
बंद केला, चालू केला.

एकाहत्तर.
कोकिळाचं पान उघडलं. ती काही बोलली नाही,
टाइप करायला लागली.

"चौऱ्याण्णवातले तेवीस कुठं गेले?"
मी सोपे शब्द शोधत होते.
शेठच म्हणाले, "दांडा."
घड तोलला की दांड्याचं वजन वजा होतं, ते.
"दांड्याशिवाय घड धरायचा कुठं म्हणा."
कागदावर एकाहत्तर लिहिलं, तारीख घातली,
माझे पैसे मोजले, एक नोट दोनदा.

हेल्मेट घालता घालता मी विचारलं,
"काका, तब्येत बरी आहे ना?"
"एकदम," ते म्हणाले,
लगेच.

सहाशे बारा.