जिथे ओक होता

ओहायोत, कोर्टाच्या तळघरात,
खरेदीखत सुरू होतं ते झाडापासून:
पांढऱ्या ओकपासून पूर्वेस चाळीस काठ्या ओढ्यापर्यंत,
तिथून धोंड्यापर्यंत, तिथून परत ओकपाशी.
लिहून घेणार जोथम विलेट, धंदा सुतारकाम.
सन अठराशे एकोणपन्नास.

पुढच्या साली शिरगणतीवाला दारात.
जोथम, तेहतीस. केझाया, अठ्ठावीस, लिहिता येत नाही.
ड्रुसिला, तीन.
तिनावर शाई फुटलेली,
आधी मी आठ वाचलं होतं.

चौपन्नात त्यानं ओढ्याकाठची पट्टी विकली.
केझायाची फुली, जरा तिरकी.
चतुःसीमा त्याच,
फक्त सुरुवात: ‘पांढरा ओक जिथे होता तिथून’.

हद्दीचं झाड कुणी तोडत नाही.
शेजाऱ्यानं तक्रार केल्याची नोंद नाही,
वादळाचीही नाही.

साठच्या यादीत दोन मुलगे, नवेच.
ड्रुसिला नाही. तेरा वर्षांची असती,
सासरी जायचं वय नव्हे.

एका ओकात काय काय निघतं:
उंबरा, पाळणा,
आणि पाळण्याहून हातभर लांब असं काही.

कारकून मिस टर्नबो किल्ल्या वाजवत आली.
‘सापडलं का काही?’
‘एक झाड,’ मी म्हटलं,
‘नसलेलं.’