बद्द

उद्यमबागेतल्या फौंड्रीत बाबा
थंड झालेल्या मालावर हातोडी मारून कान लावायचे.
बद्द वाजलं की म्हणायचे, "भोक हाय आत."
माल परत, हजेरी कापली.

मी बावीस वर्षं भोकंच घडवली.
जस्ताचे सांधे, कार्बनचे दांडे;
मग आतलं द्रावण निर्वातात ओढून काढायचं
आणि बघायचं, रिकामी चौकट उभी राहते का.
"मत्त बित्तेन्री बाई?" मल्लव्वा बाटल्या धुताना विचारायची.
बित्तु, मल्लव्वा.

चारशे अकरावा नमुना तगला:
ग्रॅमभर पूड, आत एकरभर भिंती.

बाबांनी बाटलीवर नख वाजवलं,
उरलेला एक कान टेकवला.
"बद्दच की गं," म्हणाले,
आणि बाटली काही परत केली नाही.