डावीकडचा एक

त्या हिवाळ्यात वीज दिवसाआड यायची,
आणि सबीरकुल आगाय विजेचा धडा
नेमका ती नसलेल्या दिवशी घ्यायचे.
म्हणायचे, पाहुणा घरात नसतानाच
त्याच्याबद्दल मोकळेपणी बोलता येतं.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमची शाळा.
गोवऱ्यांची शेगडी, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ,
बाकावर टॉर्चचे दोन सेल, बोराएवढा बल्ब
आणि चाकूनं उभी चिरलेली शिसपेन्सिल.
हिच्यात शिसं नसतं, ते म्हणाले,
नावं अशीच फसवतात.
एक चिमटा टोकाला पक्का. दुसरा सरकवायचा.
जवळ, तर बल्ब पिवळाधम्मक.
चार बोटं लांब, तर कोऱ्या चहासारखा.
पेन्सिलभर लांब, तर आत नुसता लाल केस,
तोही डोळे बारीक केले तर.

तुर्दुगुल म्हणाली, वीज दमली.
दमली नाही, आगाय म्हणाले, वाट अवघड झाली.
मग जरा थांबून,
दमलीही असेल. तिला कुणी विचारलंय?

मोडक्या इस्त्रीतल्या वेटोळ्याचा तुकडा
त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला.
जिथं अडतं तिथंच तापतं, एवढंच बोलले.
अर्धा पेला बर्फ वितळला.
ते पाणी आम्ही घोट घोट वाटून प्यायलो.
चव लोखंडाची होती.

मग मीटर निघाला,
शाळेतली एकमेव नवी वस्तू.
आता तुम्हीच तार व्हा.
अकरा पोरं, हातात हात,
पहिल्याच्या चिमटीत लाल कांडी, शेवटच्याच्या काळी.
पडद्यावर, अगदी डाव्या कडेला,
एकटाच एक.

एक?
एक नव्हे. म्हणजे मोजता येत नाही.
म्हणजे कुठंतरी सुटलंय.

सगळ्यांनी रांगेकडे पाहिलं,
मग माझ्याकडे आणि तोलोगोनकडे.
आमच्या मधे वीतभर हवा होती.
उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावरून
त्याच्या बापानं माझ्या बापावर फावडं उगारलं होतं.
उगारलंच होतं, मारलं नव्हतं.
पण आमच्या घरी ते रोज रात्री जेवताना
पुन्हा पुन्हा मारलं जायचं.

मिळून मिसळून राहा वगैरे
आगाय काही म्हणाले नाहीत.
फळ्याकडे तोंड करून, खडू झटकत म्हणाले,
वहीत विरोध लिहिलं असेल त्यांनी वि पुसा.
नुसता रोध. तो मोजता येतो.
दुसऱ्याला मीटर नाही.

शेगडीत बराच वेळ काहीतरी तडतडत राहिलं.
मग त्याची करंगळी आली,
नुसतं टोक,
नखाला चीर, चिरेत मेंढ्यांच्या औषधाचा निळा डाग.
मी माझी टेकवली.

एक हलला.
आकडे मुंग्यांसारखे सैरावैरा,
मग दमून थांबले, चौदा पूर्णांक सहा मेगाओहम.
हात ओले करा, आगाय म्हणाले.
काचेवरचं बर्फ आम्ही तळव्यांना चोळलं,
त्यानं त्याचं, मी माझं,
आणि पुन्हा तेवढंच टोक, तेवढीच करंगळी.
नऊ. सहा. चार पूर्णांक दोन.
घसरला, घसरला, तुर्दुगुल नाचायला लागली
आणि तिच्या नाचण्यानं
पुन्हा डावीकडचा एक.

आगायांनी हजेरीपटाच्या समासात
तारीख घालून आकडा लिहिला.
खाली रेघ ओढली नाही.

शाळा सुटल्यावर तोलोगोन नदीच्या बाजूनं गेला,
मी चढाच्या.
बोललो नाही, त्या वर्षी नाही, पुढच्याही.

घरी बापानं विचारलं, आज काय शिकलास?
चार पूर्णांक दोन, मी म्हणालो.
कशाचे?
मी हात पुसत होतो.
करंगळी तेवढी पुसायची राहिली.